लाभ

सेलूच्या मोंढ्यात मी पहिल्यांदा गेले
तेव्हा पिशवीत होती काळ्या फुफ्फुसाची तसबीर,
अकरा हमालांची यादी
आणि एक तक्ता, ज्यात ‘सवय’ या शब्दापुढं
हो किंवा नाही, एवढीच जागा.

सटवाजीनं तसबीर उलटी धरली, मग सुलटी.
म्हणाला, “कुणाचं हाय हे?
आमचं तर तुरीच्या फोलपटानं भरलंय.”
सगळे हसले. मीपण हसले,
हसताना पदर तोंडावर घेतला.
जुनी खोड.

“बिडी कामून ओढता?”
“एक ट्रक गेला की दुसरा येईस्तोवर
बसायला कारण लागतंय, ताई.
रिकामा बसलेला हमाल मुनीमाला दिसतो.
बिडी पेटवलेला दिसत नाही.”
आणि भूक?
“तिला दोन झुरके दिले
की ती थप्पीमागं जाऊन निजते.”

तक्त्यात याला रकाना नव्हता.

परभणीच्या दवाखान्यात चघळायची गोळी मिळते,
मी सांगितलं. फक्त मंगळवारी.
जायचं भाडं, यायचं भाडं, बुडालेली हमाली,
तो बोटांवर मोजत गेला
आणि मोजता मोजता माझ्या बोटाकडं पाहत राहिला.
उजवी तर्जनी. पेर काळसर.

“ताई, दात दाखवा.”

रोज पहाटे, पोरं उठायच्या आत,
दार लोटून, ठसका दाबून
तव्यावर तंबाखू जाळते मी.
सोळाव्या वर्षी दाढ दुखायली म्हणून
सासूनं मिश्री लावून दिली होती.
दाढ गेली. मिश्री राहिली.
दहा वाजता त्याच बोटानं
लोकांच्या दारावर चिकटवते
तंबाखू सोडा म्हणणारा सरकारी कागद.

पदर खाली केला.
दाखवले.

कुणी हसलं नाही.
मुनीरचाचा मापाडी उठला, रांजणातलं पाणी आणून दिलं.
“मग असं करू,” सटवाजी म्हणाला,
“माझा बिडीचा कट्टा तुमच्या पिशवीत,
तुमची डबी माझ्या हुकाच्या थैलीत.
सांजच्याला ज्याचं त्यानं सांगायचं. खरं.”
मोजायचं चाचानं.

मापाडी काट्यावर कधी ‘एक’ म्हणत नाही.
पहिल्या मापाला म्हणतो: लाभ.
मग दोन, तीन.

लाभ.
दोन. डोकं ठणकतंय, पोरीला उगीच चापट मारली.
तीन. सटवाजीनं पोतं टाकलं
मुनीमाच्या पायाशी, नेमकं पायाशी.
चौथ्या दिवशी गाडीच आली नाही, रोज नाही,
टपरीवर मात्र दोन सुट्ट्या उधार मिळाल्या.
सांजच्याला काट्यापाशी येऊन उभा राहिला,
चपलेनं माती उकरत.
चाचानं खडूच्या रेघा पुसल्या
आणि आवाज जराही न बदलता म्हणाला, “लाभ.”

नणंदेच्या घरी बारशाला
माझंही तसंच झालं.
लाभ.

आता अकरातले चौघं आहोत असं म्हणता येतं,
म्हणजे तिघं आणि मी.
महादू ऐकतच नाही.
समोर बसून धूर आमच्याकडं सोडतो,
आणि चाचाची मोजणी चुकली
की तोच दुरुस्त करतो.

महिन्याच्या बैठकीत तक्ता भरून दिला.
‘सोडलेले’ या चौकटीत मी लिहिलं: लाभ.
मॅडमनी चष्मा वर केला,
“द्वारकाताई, इथं आकडा पाहिजे.”
आकडाच आहे तो, मी म्हटलं,
आमच्याकडं इथूनच मोजतात.

उद्या दोन म्हणू.
म्हणू का,
ते उद्या.